प्रश्न शिडीचा की वजनाचा?

प्रश्न : दादर पश्चिमेला आमचे साड्यांचे दुकान आहे, वडिलांच्या काळापासूनचे. माझे वय ६३. लग्नसराई तोंडावर आल्यामुळे काउंटरसाठी एका अनुभवी विक्रेतीची गरज होती. गेल्या आठवड्यात बदलापूरहून एक बाई मुलाखतीला आल्या. वय चाळिशीच्या आतले, ठाण्यातील एका दुकानात सात वर्षे काम केलेले, ते दुकान बंद पडल्यामुळे नोकरी गेलेली. साड्यांची जाण चांगली, बोलणे आर्जवी आणि दिलेल्या वेळेच्या पाच मिनिटे आधी हजर. परंतु उंची जेमतेम १५५ सेंटिमीटर आणि वजन अंदाजे नव्वद किलो असावे. आमचा निम्मा माल पोटमाळ्यावर असतो, तिथे लोखंडी शिडीने जावे लागते आणि तिची एक पायरी थोडी हलते. काम दिवसभर उभे राहण्याचे. शिवाय दर्शनी काउंटरवर कोण उभे आहे, याचाही गिऱ्हाइकावर परिणाम होतोच. मी ‘कळवतो’ असे सांगून त्यांना परत पाठवले. त्यावरून सूनबाईने घर डोक्यावर घेतले आहे. तिच्या मते वजनाचा आणि आरोग्याचा काही संबंध नसतो आणि मी केला तो शुद्ध अन्याय आहे. माझे म्हणणे असे की, लठ्ठपणा हा आजार आहे असे डॉक्टरच सांगतात, विमान कंपन्याही वजन पाहतात, मग दुकानदाराने पाहिले तर बिघडले कुठे? मी स्वतः ५८ किलोचा आहे, उंची १६५ सेंटिमीटर. नऊ वर्षांपासूनचा मधुमेह सोडला तर तब्येत ठणठणीत आहे. कृपया कोणाचे चुकते ते सांगावे.
— एक दुकानदार

उत्तर : सप्रेम नमस्कार.

‘नऊ वर्षांपासूनचा मधुमेह सोडला तर तब्येत ठणठणीत’ हे वाक्य आपण सहज लिहून गेला आहात, परंतु आपल्या अर्ध्या प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे. त्याकडे मी येतेच. आधी सूनबाईंच्या म्हणण्याचा विचार करू, कारण त्यांची बाजू न्यायाची असली तरी वैद्यकाच्या बाबतीत त्या चुकल्या आहेत.

वजनाचा आरोग्याशी संबंध नाही, असे म्हणता येत नाही. पोटाच्या आत, विशेषतः यकृतात आणि त्याच्या आसपास साठणारी चरबी नुसती पडून राहत नाही. तिच्यामुळे इन्सुलिनचा प्रभाव कमी होतो, रक्तातील साखर वाढू लागते आणि रक्तदाब चढतो. गुडघ्यांवर येणारा भार आणि झोपेत अडखळणारा श्वास हे त्रास वेगळेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संशोधन संस्थेने २०१६ मध्ये शरीरातील अतिरिक्त चरबीचा संबंध तेरा प्रकारच्या कर्करोगांशी असल्याचे नोंदवले आहे. आपल्याकडे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीचे जे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यांनुसार देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, आणि पोटाचा घेर प्रमाणाबाहेर असलेल्या प्रौढांचे प्रमाण ३९.५ टक्के आहे. वजन जास्त पण सगळे रिपोर्ट उत्तम, अशी माणसे असतात हे खरे आहे. तथापि त्यांच्यापैकी पुष्कळांचे रिपोर्ट पुढील काही वर्षांत बिघडतात, हेही तितकेच खरे आहे. त्या बाईंच्या वजनाचा आपला अंदाज बरोबर असेल, तर त्यांचा बीएमआय, म्हणजे किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, ३७ च्या वर जातो. त्या माझ्यासमोर रुग्ण म्हणून बसल्या असत्या, तर ‘काही काळजी करू नका’ असे मी त्यांना म्हटले नसते. साखर, रक्तदाब, यकृत आणि झोप यांची चौकशी केली असती आणि वजन थोडे जरी कमी झाले तरी किती फरक पडतो, हे सांगितले असते. अमेरिकेत २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांपुढे वजन सात टक्के उतरवण्याचे आणि आठवड्याला दीडशे मिनिटे चालण्याइतका व्यायाम करण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. त्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले.

परंतु त्या आपल्यासमोर रुग्ण म्हणून बसल्या नव्हत्या.

आता आपल्या ५८ किलोंकडे येते. बीएमआयचे सूत्र ज्यांनी मांडले ते आडोल्फ केटले हे एकोणिसाव्या शतकातील बेल्जियन संख्याशास्त्रज्ञ होते, डॉक्टर नव्हते. त्यांना सरासरी मनुष्य कसा असतो हे जाणून घ्यायचे होते, एखाद्या माणसाची प्रकृती तपासायची नव्हती. पुढे १९७२ मध्ये अन्सेल कीज या अमेरिकी शास्त्रज्ञाने त्या सूत्राला आजचे नाव दिले आणि हळूहळू ते दवाखान्यांच्या भिंतींवर येऊन बसले. हजारो लोकांचा एकत्रित अंदाज घेण्यासाठी ते उपयोगी आहे. एका माणसाबद्दल मात्र ते बरेच काही लपवते. चरबी किती, स्नायू किती आणि चरबी नेमकी कुठे आहे, यांपैकी काहीच त्यातून कळत नाही.

आपल्याकडे तर ही लपवाछपवी अधिकच होते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन मधुमेहतज्ज्ञांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचीच उदाहरणे दिली. दोघांचाही बीएमआय २२.३, कागदावर दोघेही सारखेच सडपातळ. प्रत्यक्षात युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के होती, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. दिसायला बारीक आणि आतून चरबी बाळगणारा भारतीय माणूस ही कल्पना याज्ञिकांनी जगाला अनेक वर्षे समजावून सांगितली आहे. याच कारणामुळे भारतीयांसाठी जास्त वजनाची मर्यादा २५ ऐवजी २३ वर आणि लठ्ठपणाची ३० ऐवजी २५ वर धरण्याचा प्रघात पडला, आणि कमरेच्या घेराची मर्यादा पुरुषांसाठी ९० व स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ठरली. आपला बीएमआय २१.३ येतो, म्हणजे अगदी निर्दोष; आणि तरीही नऊ वर्षे मधुमेह आहे. दुकानात ब्लाउजची मापे घ्यायची टेप असेलच. ती एकदा स्वतःच्या पोटाभोवती, शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास न ओढता लावून पाहावी, आणि जो आकडा येईल तो पुढच्या वेळी आपल्या डॉक्टरांना सांगावा.

मला म्हणायचे आहे ते असे की, ‘प्रकृती चांगली नसलेल्या माणसाला काउंटरवर ठेवायचे नाही’ हा नियम आपण प्रामाणिकपणे लावला, तर पहिले काउंटर आपल्याला सोडावे लागेल. त्या बाईंना मधुमेह आहे की नाही हे आपल्याला ठाऊक नाही; आपल्याला आहे हे ठाऊक आहे. लठ्ठपणा हा आजार आहे, या आपल्या वाक्यातही आता दुरुस्ती करावी लागेल. तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय आयोगाने जानेवारी २०२५ मध्ये लठ्ठपणाचे दोन भाग सुचवले आहेत. ज्यात अवयवांच्या कामावर किंवा रोजच्या हालचालींवर प्रत्यक्ष परिणाम झालेला दिसतो तो एक, आणि ज्यात धोका वाढलेला असला तरी असा परिणाम अद्याप झालेला नाही तो दुसरा. समोरचा माणूस यांपैकी कोणत्या गटात आहे, हे काउंटरच्या पलीकडून नुसते पाहून कोणत्याही डॉक्टरला सांगता येणार नाही.

या संदर्भात मला लंडनच्या बसगाड्यांवरचा एक अभ्यास नेहमी आठवतो, आणि बेस्टच्या दुमजली बसमधून प्रवास केलेल्या कोणत्याही मुंबईकराला तो लगेच पटेल. जेरी मॉरिस या डॉक्टरांनी १९५३ मध्ये दाखवून दिले की, दिवसभर बसून गाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा वरखाली जिने चढणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकाराचे झटके कमी येतात. त्यावर साहजिकच शंका निघाली की, कंडक्टर मुळातच सडपातळ असतील. तेव्हा मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गणवेशांच्या नोंदी काढल्या आणि कोणाला किती कमरेची पॅन्ट शिवून दिली हे तपासले. ड्रायव्हरांच्या कमरा खरोखरच मोठ्या निघाल्या; परंतु कंडक्टर बारीक असो वा पोट सुटलेला असो, त्याला ड्रायव्हरपेक्षा धोका कमीच होता. शिंप्याच्या वहीतून वैद्यकशास्त्राला मिळालेली ही माहिती कापडाच्या धंद्यातील माणसाला सांगताना मला विशेष आनंद होत आहे.

आपल्या पत्रात त्या बाईंच्या हालचालीचा एक पुरावा आहे, तो आपल्या नजरेतून निसटला असावा. त्या बदलापूरहून आल्या. म्हणजे मध्य रेल्वेची गाडी पकडून, दादरला उतरून, पुलाच्या पायऱ्या चढून आणि पश्चिमेला उतरून, बाजारातल्या गर्दीतून वाट काढत त्या आपल्या दुकानात वेळेच्या पाच मिनिटे आधी पोहोचल्या. नोकरी लागली तर हे त्या रोज दोनदा करणार आहेत. आपल्या पोटमाळ्याची शिडी दादरच्या पुलापेक्षा उंच नसावी, असा माझा अंदाज आहे. शिडी चढणे आणि जिना चढणे यांत फरक आहे, हे मी मान्य करते. शिडीला तोल लागतो, हातांचा जोर लागतो. पण मग तेवढेच विचारायला हवे होते. ‘हा पोटमाळा, ही शिडी, दिवसातून अमुक वेळा वर जावे लागते, जमेल का?’ असा प्रश्न आपण विचारल्याचे पत्रात कुठेही नाही. वजनही ‘अंदाजे’, आणि शिडी चढता येणार नाही हेही अंदाजानेच. साडीचा पन्ना आपण कधी अंदाजाने सांगत नसाल.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. निवृत्तीपूर्वी बरीच वर्षे मी एका कारखान्यात वैद्यकीय अधिकारी होते आणि नोकरीवर रुजू होण्यापूर्वीची तपासणी माझ्याकडे असे. वजनकाट्याच्या वर उंची-वजनाचा एक जुना तक्ता चिकटवलेला होता आणि फॉर्मवर ‘फिट’ व ‘अनफिट’ असे दोनच रकाने होते. एकदा स्टोअरकीपरच्या जागेसाठी एक तरुण आला. काट्यावर चढण्यापूर्वी त्याने चपला काढल्या, मग मनगटावरचे घड्याळ काढले, मग खिशातील किल्ल्यांचा जुडगा, सुटे पैसे आणि शेवटी रेल्वेचा पास काढून माझ्या टेबलावर ओळीने मांडून ठेवला. तरीही काटा तक्त्यातल्या आकड्यापेक्षा चार किलो पुढे गेला. मी ‘तूर्त अनफिट, तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी’ असा शेरा मारला. तो पुन्हा आला नाही. स्टोअरकीपरचे काम खुर्चीत बसून आवक-जावक लिहिण्याचे होते. पदाचे नाव फॉर्मच्या पहिल्याच ओळीत होते आणि ते मी वाचलेही होते.

कामाला खरोखर शारीरिक क्षमता लागत असेल, तर ती तपासण्याचा मालकाला पूर्ण अधिकार आहे. अग्निशमन दलाच्या भरतीत उमेदवाराला धावायला लावतात, वजन उचलून न्यायला लावतात, आणि त्यात कोणी अन्याय झाल्याचे म्हणत नाही, कारण आग लागलेल्या इमारतीत नेमके तेच करायचे असते. त्या परीक्षेत बारीक माणूसही नापास होतो. जड वाहन चालवणाऱ्याला झोपेत श्वास अडकण्याचा विकार असेल, तर तो शोधून काढणे रास्त आहे. मात्र तो झोपेच्या तपासणीने शोधावा, पोटाकडे बघून नव्हे.

विमान कंपन्यांचे उदाहरण आपण दिले आहे, ते पूर्णपणे चुकीचे नाही. वजन वाढल्यामुळे उड्डाणावरून काढलेल्या हवाई सेविकांच्या याचिका दिल्ली उच्च न्यायालयाने २००८ मध्ये फेटाळल्या होत्या. पण त्या क्षेत्राचा इतिहास पाहिला तर तिथले नियम डोळे मिटून उचलावेत असे मला वाटत नाही. एअर इंडियाचे मुख्यालय मुंबईत नरिमन पॉइंटला होते तेव्हाची गोष्ट आहे. पहिल्या गरोदरपणातच हवाई सुंदरीची नोकरी संपवणारा नियम या कंपनीत होता आणि तो १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मनमानी ठरवून रद्द केला. पुढे २०१४ च्या हवाई वाहतूक नियमांत विमानातील कर्मचाऱ्यांसाठी योग्य बीएमआय पुरुषांकरिता १८ ते २५ आणि स्त्रियांकरिता १८ ते २२ असा धरला गेला. संकटकाळी विमानाचे दार उघडायला लागणारी ताकद आणि चपळाई दोघांनाही सारखीच लागते. मग स्त्रियांसाठीचे तीन अंक कशासाठी कमी केले असतील? आपण काउंटरच्या ‘दर्शनी’ भागाबद्दल जे लिहिले आहे, त्याच्या अगदी शेजारी या प्रश्नाचे उत्तर सापडेल.

कायद्याचे थोडक्यात सांगते. राज्यघटनेतील समतेची कलमे ज्या रीतीने सरकारी नोकरीला लागू होतात, त्या रीतीने खासगी दुकानाला होत नाहीत. आणि घटनेत किंवा कामगार कायद्यांत भेदभावाची जी कारणे नावाने दिली आहेत, त्यांत वजन नाही. अमेरिकेतील मिशिगन राज्याने १९७६ मध्येच उंची आणि वजन यांवरून नोकरीत भेदभाव करण्यास मनाई केली, न्यूयॉर्क शहराने २०२३ मध्ये केली. आपल्याकडे तसा कायदा नाही. मात्र महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार, तो लागू होण्यासाठी ठरवलेल्या संख्येइतके कामगार असलेल्या दुकानांत भरतीच्या वेळी स्त्रियांशी भेदभाव करता येत नाही. तेव्हा एक गोष्ट स्वतःशीच तपासून पाहावी. आपल्या दुकानात एखादा पोट सुटलेला पुरुष विक्रेता आहे का, आणि त्याला घेताना शिडी आठवली होती का?

दिवसभर उभे राहण्याबद्दलही बोलायला हवे. दहा-दहा तास उभे राहणे बारीक माणसालाही बाधते, पायांच्या शिरा फुगतात, टाचा दुखतात. केरळमध्ये कापड दुकानांतील विक्रेत्या स्त्रियांनी यासाठी लढा दिला आणि २०१८ मध्ये तेथील कायद्यात दुकानातील कामगारांसाठी बसण्याच्या सोयीची तरतूद झाली. तमिळनाडूने २०२१ मध्ये तीच वाट धरली. काउंटरमागे दोन स्टुले ठेवायला कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही.

राहता राहिले गिऱ्हाईक. मला वाटते, आपले खरे कारण हेच आहे आणि शिडी नंतर सापडली. आपल्या दुकानात लग्नाचा बस्ता बांधायला कोण येते, ते आठवून पाहावे. नवरी एकटी येत नाही. आई येते, मावशी येते, आत्या येते, आणि त्यांतल्या निम्म्या जणी आरशासमोर उभ्या राहून दबक्या आवाजात विचारतात की, मला हा मोठा काठ शोभेल का, ही नारायणपेठ अंगाला चापून बसेल की फुगेल. या प्रश्नाचे उत्तर ज्या बाईने स्वतः नेसून शोधले आहे, ती पदर स्वतःच्या खांद्यावर टाकून दाखवते आणि गिऱ्हाइकाचा संकोच जातो. बारीक मुलीने ‘काकू, छान दिसेल’ म्हटले तर काकू हसून पुढची साडी मागतात. हे मी विक्रीशास्त्र म्हणून सांगत नाही, त्याची जाण आपल्याला माझ्यापेक्षा अधिक आहे. मी त्या काकूंपैकी एक आहे म्हणून सांगते. समजा, काही गिऱ्हाइकांना काउंटरवर सडपातळ मुलगीच हवी असेल, तरी गिऱ्हाइकाची प्रत्येक आवड दुकानाने पुरवायची नसते. काउंटरवर गोरीच मुलगी हवी, अमुक आडनावाचीच हवी, अशी आवड कोणी दाखवली, तर आपण ती पुरवणार नाही असे मी गृहीत धरते.

तेव्हा त्या बाईंना फोन करावा. ‘कळवतो’ म्हटले होते, म्हणून कळवत आहोत, इतकेच म्हणावे. वजनाचा उल्लेख करू नये, आहाराचा सल्ला तर मुळीच देऊ नये, त्या सल्ल्याची त्यांना उणीव भासत असेल असे वाटत नाही. दोन दिवस काम करून पाहण्यास बोलवावे आणि त्या दोन दिवसांचे पैसे द्यावेत. पोटमाळ्याची पद्धत आधी स्पष्ट सांगावी, चढणे-उतरणे त्यांचे त्यांना ठरवू द्यावे. त्यांना खरोखरच जमले नाही, तर वरचा माल काढून देण्याचे काम दुसऱ्याकडे सोपवून त्यांना काउंटर सांभाळू देता येईल का, याचा विचार करावा. साड्यांची जाण असलेला माणूस मिळणे शिडी चढणारा मिळण्यापेक्षा अवघड आहे, हे आपणच जाणता. दोन दिवसांत काम पसंत पडले नाही, तर नकार देण्यास आपण मोकळे आहात, आणि त्या नकाराचे कारण त्यांना तोंडावर सांगता येईल असे असेल.

फोन करण्यापूर्वी मात्र वेल्डरला बोलावून शिडीची ती पायरी पक्की करून घ्यावी. सध्याही दुकानातले कोणीतरी रोज तिच्यावर चढतच आहे.